चिपला काय कळतं

बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी लॅब टेक्निशियन आहे. सरकारी बोलीत एलटी. हिमोग्लोबिन, शुगर, लघवी, मलेरियाच्या स्लाइड्स सगळंच करतो, पण तालुक्यात ओळख 'टीबीवाले सर' अशीच. बाजारात एखादा जुना पेशंट लांबून हात करतो, मीही हात वर करतो, आणि माझ्या शेजारचा माणूस लगेच अंदाज बांधतो. म्हणून हल्ली मी आधी ओळख दाखवत नाही. समोरच्याने दाखवली तर दाखवतो.

नोकरीला लागलो तेव्हा टीबी शोधायचा म्हणजे मायक्रोस्कोप. काचपट्टीवर बेडका पसरायचा, वाळवायचा, त्यावर कार्बोल फुक्सिन ओतून खालून वाफ निघेपर्यंत तापवायचं, मग सल्फ्युरिक अ‍ॅसिड, मग मिथिलिन ब्लू. निळ्या जमिनीवर बारीक तांबड्या काड्या दिसल्या की पॉझिटिव्ह. निगेटिव्ह लिहायच्या आधी निदान शंभर फील्ड, म्हणजे काचेखाली एका वेळी दिसणारे तुकडे, बघायची, हा नियम. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू १८८२ साली जगाला दाखवला, त्याच दशकात झील आणि नील्सन यांची ही रंगवण्याची रीत रुळली, आणि ती अजून चालू आहे. स्वस्त आहे, वीज गेली तरी आरशावर उजेड घेऊन भागतं. पण एका मिलिलिटर बेडक्यात पाच ते दहा हजार जंतू असले तर कुठे काचेखाली काही दिसायची आशा. त्याहून कमी असले की माणूस खोकतोय, वजन उतरतंय, रात्री घाम येतोय, आणि आमच्या रजिस्टरात मात्र निगेटिव्ह. कल्चर केलं, म्हणजे बेडक्यातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघितला, तर कळतं, पण हा जंतू महाआळशी. लघवीच्या इन्फेक्शनवाला ई. कोलाय वीस मिनिटांत एकाचे दोन होतो, याला त्यासाठी पंधरा-वीस तास लागतात. घन माध्यमावर वसाहती दिसायला सहा-आठ आठवडे. तोवर पेशंट कुठल्या गावी गेला, ते आशाताईलाच विचारावं लागतं.

चिपचं यंत्र आमच्याकडे आलं ते करोनात. पुढे करोनाचे नमुने आटले आणि यंत्र टीबीच्या वाट्याला आलं. ट्रूनॅट नाव त्याचं. गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतली मोलबायो कंपनी ते बनवते, मूळ संशोधन बंगळुरूच्या बिगटेक लॅबचं. टीबीसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला २०२० मध्ये मान्यता दिली. जिल्ह्याला सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारं दुसरं यंत्र, होतंच, पण त्याला एसी लागतो, न जाणारी वीज लागते. आमच्या लॅबमध्ये एक टेबलफॅन आहे. ट्रूनॅट बॅटरीवर चालतं, आणि लोडशेडिंगच्या तालुक्यात ही एकच गोष्ट त्याच्या बाजूनं मत द्यायला पुरेशी होती.

यंत्रं खरं तर दोन. ट्रूप्रेप बेडक्यातून जंतूचा डीएनए वेगळा काढतं, ट्रूलॅब चिपवर त्याची पीसीआर करतं. दोन्ही मिळून अर्धं टेबल. ट्रेनिंगला आलेल्या इंजिनिअरनं चिप हातात दिली तेव्हा मला वाटलं, मुख्य भाग कुठंय? बोटाच्या पेराएवढी पट्टी, मध्ये एक पांढरी गोल खळगी, बस. त्या खळगीच्या पोटात तापवायची सोय आणि तापमान मोजायचा सेन्सर, दोन्ही तिथंच बसवलेलं. पीसीआर म्हणजे द्रव सारखा तापवायचा, निववायचा, तापवायचा, निववायचा. दर फेरीला डीएनएच्या प्रती दुप्पट. तीस फेऱ्यांत एका प्रतीच्या शंभर कोटींवर प्रती होतात, कॅल्क्युलेटरवर करून बघा. आता पातेलंभर चहाला उकळी यायला आणि निवायला जो वेळ लागतो तो पळीभर चहाला लागत नाही. थेंब जितका लहान तितक्या फेऱ्या झटपट. चिपवर आपण टाकतो सहा मायक्रोलिटर. म्हणजे एका मिलिलिटरचे हजार भाग केले तर त्यातले सहा.

हे सगळं प्रत्यक्षात कसं चालतं ते गेल्या हंगामातल्या एका नमुन्यावरून सांगतो.

दिवाळी झाली की आमचा तालुका रिकामा व्हायला लागतो. ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, तारीख ठरलेली असते. अशाच एका दुपारी आशाताई एका बाईला घेऊन आली. पंचविशीची असेल. सोबत नवरा.

"खोकला कधीपासून?"

"पोळ्यापासून हाय, सर."

"वजन उतरलंय का?"

"वजन कुठं करतंय कोण. पोलकी ढिली व्हायलीत."

आशाताई मध्येच म्हणाली, "सर, मागं खाजगीत स्लाइड केली होती, निगेटिव्ह आली. आज रात्री ह्यांचा ट्रॅक्टर निघतोय."

एरवी आम्ही दोन नमुने घेतो. एक तिथल्या तिथे, दुसरा पहाटेचा, उठल्या उठल्या. पहाटेचा चांगला असतो, रात्रभराचा कफ साठलेला असतो. पण हिच्यासाठी पहाट उगवणारच नव्हती. म्हटलं, आत्ताच देते त्याच्यावर काम करू.

डबी दिली, तिनं कोपऱ्यात तोंड करून काहीतरी आणून दिलं. पाण्यासारखी लाळ. यात तिची चूक काही नाही. आमच्याकडच्या बायका मोठ्यानं खाकरायला लाजतात, त्यातून नवरा शेजारी उभा. पुरुष गडी मैदानात उभा राहून दवाखाना हादरेल असा खाकरतो. माझा अनुभव असा की बायकांचे कितीतरी टीबी या लाजेपायी हुकले असतील, कारण लाळेत जंतू सहसा सापडत नाहीत आणि लाळ तपासून दिलेला निगेटिव्ह हा निगेटिव्ह नसतोच. मी नवऱ्याला चहाला पिटाळलं. आशाताईला सांगितलं, मागं लिंबाखाली घेऊन जा, मोकळ्यावर. साध्या पाण्यानं चूळ भरू दे, दोनदा खोल श्वास घेऊन सोडू दे, तिसऱ्यांदा छातीतून खोकू दे. तू स्वतः करून दाखव. आशाताईनं असं काही खोकून दाखवलं की ओपीडीतली माणसं खिडकीशी आली. पण बाई हसली आणि मोकळी झाली. डबीत पिवळसर, दाट बेडका आला, तळाला दोन-तीन मिलिलिटर. याच्यावर काम करता येतं.

मास्क, हातमोजे, खिडक्या उघड्या, पंखा बंद. पंखा बंद ठेवण्याचा सगळ्यांना वैताग, पण हवेत काही उडवायचं नसतं. आधी डबीत लिक्विफॅक्शन बफरचे दोन थेंब. दाट बेडका तारा सोडत असतो, तो तसाच ओढता येत नाही. डबी हलकेच गोल फिरवून दहा मिनिटं ठेवायची. तारा सुटतात, पाण्यासारखा होतो. त्यातला अर्धा मिलिलिटर लायसिस बफरच्या बाटलीत, पुन्हा दोन थेंब, आणखी तीन मिनिटं. इथे जंतूची कवचं फुटायला लागतात. टीबीच्या जंतूचं कवच मेणचट असतं, म्हणून तर अ‍ॅसिड टाकूनही तो तांबडा राहतो.

आता सगळा द्रव ट्रूप्रेपच्या कार्ट्रिजमध्ये. झाकण लावून यंत्रात बसवलं, बटण दाबलं, की पुढची वीसेक मिनिटं यंत्र आपलं आपण घुंघुं करत बसतं. आत द्रव तापवला जातो, एका बारीक पडद्यातून ढकलला जातो, डीएनए पडद्याला चिकटून राहतो, बाकीची घाण धुऊन निघून जाते, शेवटी दुसरा बफर सोडून तो डीएनए सोडवून घेतला जातो. पूर्वी हे काम मोठ्या लॅबमध्ये सेंट्रिफ्यूज, वेगवेगळ्या खोल्या आणि एम.एस्सी. झालेला माणूस घेऊन व्हायचं. कार्ट्रिजमध्ये एक इंटर्नल कंट्रोलही आधीपासून टाकलेला असतो. तो ओळखीचा डीएनए. शेवटी चिपला तोसुद्धा सापडला नाही तर समजायचं, काढणीत कुठेतरी गडबड आहे. निकाल 'इनव्हॅलिड' येतो आणि काम पहिल्यापासून. मला ही व्यवस्था फार आवडते. मायक्रोस्कोपला असं काही नव्हतं. दुपारी चार वाजता डोळे थकलेला एलटी निगेटिव्ह म्हणाला तर त्याला विचारणारं कोण?

कार्ट्रिज निघालं की त्यातला स्वच्छ द्रव छोट्या नळीत घ्यायचा. इथून पुढं सगळं हातावर.

चिपच्या पाकिटात तीन वस्तू असतात: चिप, एक टिप, आणि एक इवलीशी नळी, तळाला पांढरी गोळी. ती गोळी म्हणजे पीसीआरचं सगळं सामान वाळवून ठेवलेलं, त्यामुळे फ्रीझरची कटकट नाही. सहा मायक्रोलिटरचं ठरलेल्या मापाचं पिपेट मिळतं. द्रव ओढला, गोळीवर सोडला. टिचकी मारायची नाही, हलवायचं नाही. अर्धा-एक मिनिटात गोळी विरघळून पाणी नितळ होतं. ते नितळ झालेलं पाणी पुन्हा ओढायचं आणि चिपच्या पांढऱ्या खळगीत मधोमध सोडायचं. टिप खळगीला घासायची नाही, बुडबुडा येऊ द्यायचा नाही, थेंब काठावर जाऊ द्यायचा नाही. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. करून बघा. शेवटचा कण सोडताना अंगठा किंचित जास्त दाबला गेला की बुडबुडा आलाच. मी श्वास सोडून, मनगट टेबलावर टेकवून सोडतो. पूर्वी माझं कसब डोळ्यात होतं, आता ते अंगठ्यात उतरलंय. नव्या पोरांना मी आधी साध्या पाण्यावर पिपेट धरायला लावतो, चिप नंतर.

ट्रे आत गेला. यंत्रानं चिप ओळखली. तिच्यात एक मेमरी असते. कुठल्या बॅचची, कुठल्या तपासणीची, आणि आधी वापरलेली आहे का, हे यंत्र वाचतं. वापरलेली चिप पुन्हा घेतच नाही. काटकसरीच्या आमच्या खात्यात हे फार बरं आहे.

नवरा चहा पिऊन आला होता. "किती वेळ लागंल?"

"पाऊण तास. मग लागलं तर आणखी तासभर."

"मुकादमाचा फोन यायलाय सारखा."

"येऊ दे."

स्क्रीनवर दोन रेघा असतात, एक जंतूची, एक कंट्रोलची. सुरुवातीला दोन्ही आडव्या. फेऱ्या वाढतात तशी एखादी रेघ अंग उचलते. जंतू भरपूर असले तर लवकर उठते, कमी असले तर उशिरा. खच्चून भरलेला नमुना असला की निम्म्या वेळातच कळून चुकतं. हिची कंट्रोलची रेघ उठली, जंतूची आडवीच. मी दुसऱ्या पेशंटचं रक्त घ्यायला उठलो. परत आलो तर ती रेघ वर निघाली होती, उशिरा पण ठामपणे. एमटीबी डिटेक्टेड, म्हणजे टीबीचा जंतू सापडला. प्रमाण लो.

म्हणजे मागची स्लाइड निगेटिव्ह आली त्यात त्या खाजगीवाल्याचा काही दोष नसावा. ट्रूनॅट एका मिलिलिटरमध्ये शंभराच्या आसपास जंतूंपर्यंत पोचतं. मायक्रोस्कोपच्या पाच-दहा हजारांच्या आणि या शंभराच्या मधल्या पट्ट्यात जी माणसं असतात, त्यांच्यातली ही एक.

पण काम संपलेलं नव्हतं. उरलेल्या त्याच द्रवावर दुसरी चिप लावायची, रिफची. रिफाम्पिसिन हे टीबीच्या औषधातलं मुख्य हत्यार. जंतूच्या आरपीओबी नावाच्या जनुकात ठरावीक जागी बदल झाला असेल तर ते चालत नाही, आणि मग औषधांची सगळी जुळणीच बदलते. जंतू कमी असले की ही दुसरी चिप कधी कधी 'इनडिटरमिनेट' म्हणते. ना हो, ना नाही. लो आलेल्या नमुन्याला ही धाकधूक असते. आज रात्री निघणाऱ्या बाईला मी 'सांगता येत नाही' असं सांगून काय करणार होतो? या तासात मी दोनदा बाहेर जाऊन आलो, हे कबूल.

रिफ रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड, म्हणजे रिफाम्पिसिन चालेल. छोट्या प्रिंटरवर चिठ्ठी निघाली. थर्मल कागदाची अक्षरं काही महिन्यांत उडतात, म्हणून मी आधी झेरॉक्स काढून ती फाइलला लावतो आणि रजिस्टरात पेनानं लिहितो.

पुढचं सगळं भराभर. मेडिकल ऑफिसर थांबले होते. एचआयव्ही आणि शुगर तपासली, दोन्ही ठीक. नवऱ्याची तपासणी, एक्स-रे, त्यात काही नव्हतं. टीबीच्या पेशंटांच्या सरकारी निक्षय पोर्टलवर नोंद केली. पोषण आहाराचे महिन्याला पाचशे मिळायचे, ते २०२४च्या नोव्हेंबरपासून हजार झालेत; त्यासाठी बँकेचं पासबुक हवं, ते घरी. आशाताईनं फोटो पाठवायचं कबूल केलं. वजनाप्रमाणे गोळ्या दिल्या. लघवी नारिंगी होईल, घाबरायचं नाही, हे तिला दोनदा सांगितलं, कारण ते पाहून औषध सोडणारे मी बघितलेत. आमच्या सुपरवायझरनं तिकडच्या तालुक्यातल्या सुपरवायझरला फोन लावून कारखान्याचं नाव, मुकादमाचा नंबर, कोप्या, म्हणजे टोळीच्या झोपड्या, कुठे पडणार हे सगळं कळवलं. पोर्टलवर बदली दाखवता येते, पण उसाच्या फडात माणूस शोधायला पोर्टल जात नाही. दिवेलागणीला ते दोघं गेले. टोळीतल्या लहान पोरांकडे तिकडे लक्ष द्यायला हवं, हेही कळवलं होतं.

आता चिपला काय कळत नाही ते. कारण यंत्र आल्यापासून हा प्रश्न मला डॉक्टरांपासून सरपंचांपर्यंत सगळ्यांना समजवावा लागतो.

ती चिप फक्त डीएनए ओळखते. जंतू जिवंत आहे की मेला, तिला पत्ता नसतो. औषधांनी मेलेल्या जंतूंचा डीएनए फुप्फुसात कितीतरी दिवस पडून असतो आणि बेडक्यातून येत राहतो. म्हणून उपचार चालू असताना किंवा संपल्यावर 'बरा झालो का' हे चिपवर बघायचं नसतं. त्याला स्लाइड, आणि शंका असली तर कल्चर. जिवंत असेल तोच वाढेल. पूर्वी टीबी होऊन गेलेला माणूस पुन्हा खोकत आला आणि चिपवर 'व्हेरी लो' उमटलं, तर मी डॉक्टरांना चिठ्ठी देताना तोंडीही सांगतो, साहेब, याचा जुना कोर्स झालेला आहे, एवढ्यावर ठरवू नका. दुसरं असं की आमची ही चिप रिफाम्पिसिनपुरतंच बोलते. आयसोनिआझिड या टीबीच्या दुसऱ्या मुख्य औषधाचं काय, हे पुण्या-नागपूरच्या संदर्भ प्रयोगशाळेतल्या तपासणीतून कळतं, आणि तिथं नमुना पोचायला त्याचा त्याचा वेळ लागतो. आणि तिसरं, चिपा संपल्या की यंत्र नुसतं टेबलावर बसून राहतं. मधे तशी वेळ आली होती. तेव्हा आम्ही निमूटपणे फुक्सिनची बाटली बाहेर काढली आणि शंभर फील्ड मोजायला बसलो. मला विचाराल तर कुठल्याही ग्रामीण रुग्णालयानं चिपचं यंत्र आलं म्हणून मायक्रोस्कोप कपाटात टाकू नये. आमच्याकडे दोन्ही रोज चालतात.

मे महिन्यात ती बाई कोर्स संपवून आली. दोन महिन्यांची स्लाइड तिकडेच झाली होती, निगेटिव्ह. पोर्टलवर मी बघितलं होतं. अंगानं भरली होती, पोलकं आता दंडाला घट्ट. डबी स्वतःच मागून घेतली.

"त्या मशिनीवर लावा, सर."

"आता मशीन नाही, काच."

"का? आता पैसे पडत्यात का?"

मेलेल्या जंतूचं प्रकरण तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पटलं असं काही तोंडावर दिसलं नाही. स्लाइड मी शंभर फील्ड बघितली, एकही तांबडी काडी नाही. तसं सांगितलं, तर ती म्हणाली, ते राहू द्या, ह्यांचं बघा. नवरा दाराशी उभा होता. कोपीत दोघं एकत्र राहिलेले, आणि त्याला आता पंधरा-वीस दिवसांपासून खोकला. यांच्यासाठी मात्र मशीन, म्हटलं, आणि त्याच्या हातात डबी दिली. तो तिथंच कोपऱ्यात तोंड वळवायला लागला, तशी तिनं त्याचा शर्ट धरला.

"हितं नाही. लिंबाखाली चला. आधी चूळ भरा."